काचेच्या कपाटातील प्रार्थना

पदार्थसंग्रहालयाला आपल्याकडील जुनी मंडळी अजबखाना म्हणत असत. हा शब्द आज कोणास भाबडा वाटेल. परंतु पाहणाऱ्याच्या मनाची स्थिती त्यात नेमकी उतरली आहे. ज्या वस्तूचा उपयोग ठाऊक नाही व जिचा कर्ता ठाऊक नाही, ती वस्तू अजबच दिसावयाची. तिचा अर्थ कळला, की तिचे अजबपण संपते आणि तिच्यामागे उभा असलेला माणूस दिसू लागतो. वस्तूपासून माणसापर्यंत नेणारी ही वाट दाखविणे, हेच संग्रहालयाचे खरे कार्य होय.

न्यूयॉर्क शहरातील अमेरिकन निसर्गेतिहास संग्रहालय १८६९ मध्ये स्थापन झाले. त्याच्या मेक्सिकोविषयक संग्रहात काही लहान बाण जपून ठेवलेले आहेत. ते शिकारीचे नव्हेत व लढाईचेही नव्हेत. एखाद्या बाणाला हरणासाठी लावावयाच्या फासाची चिमुकली प्रतिकृती बांधलेली आहे. एखाद्याला इवलीशी वहाण, तर एखाद्याला भरतकामाची बोटभर चिंधी. केवळ पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. परंतु या प्रत्येक बाणाचा अर्थ, तो करणाऱ्या लोकांच्या तोंडून ऐकून, कोणी एकाने लिहून ठेवला आहे. हा मनुष्य म्हणजे कार्ल लुमहोल्ट्स. प्रवासी, प्राणिसंग्राहक आणि मानवशास्त्रज्ञ अशा तिन्ही नात्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने जे गोळा केले, त्यात पुष्कळसे अमोल आहे. तथापि त्या काळच्या संग्राहकांनी आणलेल्या गोष्टींत काही अशाही होत्या, की ज्या आणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. या दोहोंतील भेद कशाने ठरतो, हा प्रश्न आज जगातील सर्वच मोठ्या संग्रहालयांपुढे उभा आहे.

आरंभीच एक शंका येईल. पशुपक्षी, दगडधोंडे आणि वनस्पती यांच्या संग्रहालयात माणसाच्या वस्तूंचे काय काम? याचे उत्तर त्या शतकाच्या विचारसरणीत सापडते. त्या काळी युरोप व अमेरिका येथील विद्वानांनी मानवजातीच्या दोन पंक्ती मांडल्या होत्या. ग्रीस, रोम, इटली यांची कारागिरी कलेच्या मंदिरात जाई. आणि ज्यांना लिपी नव्हती, नगरे नव्हती, त्यांच्या वस्तू हत्ती व देवमासे यांच्या सांगाड्यांशेजारी मांडल्या जात. न्यूयॉर्कमध्ये हा भेद नकाशावरच दिसतो. शहराच्या मध्यभागी एक विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या पूर्वेस १८७० मध्ये स्थापन झालेले मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय आणि पश्चिमेस निसर्गेतिहासाचे संग्रहालय. अमुक वस्तू उद्यानाच्या कोणत्या अंगास जावयाची, यावरून तिच्या कर्त्याला कोणत्या पंक्तीस बसविले हे समजे. लुमहोल्ट्सने आणलेल्या वस्तू पश्चिमेस गेल्या. मात्र त्यांबरोबर त्याने जे लेखन आणले, त्याने ही पंक्तिव्यवस्था किती पोकळ आहे हे हळूहळू उघड केले.

कार्ल लुमहोल्ट्सचा जन्म नॉर्वेमध्ये लिलेहामर गावानजीक १८५१ मध्ये झाला. त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला व त्यातील पदवीही मिळविली. पण परीक्षेच्या श्रमाने त्याची प्रकृती ढासळली. मोकळ्या हवेत पक्षी व वनस्पती जमविण्याच्या नादाने तो बरा झाला, आणि जो धर्मोपदेशक व्हावयाचा, तो सृष्टीचा उपासक झाला. १८८० मध्ये क्रिस्तियानिया येथील विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयासाठी तो ऑस्ट्रेलियास गेला. क्रिस्तियानिया हेच १९२५ पासून ऑस्लो या नावाने ओळखले जाते. क्वीन्सलँडच्या उत्तरेस हर्बर्ट नदीच्या खोऱ्यात तेथील आदिवासींच्या सोबतीने तो दाट अरण्यात राहिला. झाडावर चढणाऱ्या एका कांगारूविषयी ते लोक त्याला सांगत. त्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘बुंगारी’. अनेक निष्फळ फेऱ्यांनंतर तो प्राणी त्यांच्याच मदतीने हाती आला. क्रिस्तियानियाचा प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉलेट याने १८८४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला लुमहोल्ट्सचे नाव दिले. त्याच प्रवासातून पोटाला पिशवी असणाऱ्या आणखी तीन नव्या प्राण्यांची भर शास्त्रात पडली.

येथे एक बारीकसा धडा आहे. ज्याने तो प्राणी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला, ज्याने त्याचा माग काढला, त्याचे नाव शास्त्राच्या वहीत लागले नाही. वहीत नाव लागले ते पाहुण्याचे. या प्रवासावर लुमहोल्ट्सने लिहिलेल्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती १८८९ मध्ये निघाली. तिचे नावच ‘नरभक्षकांमध्ये’ अशा अर्थाचे आहे. त्यात जिज्ञासा आहे, धाडस आहे. परंतु ज्यांच्या अन्नावर व वाटाडेपणावर तो जगला, त्यांना मानवजातीच्या शेवटच्या पायरीवर बसविण्याची त्या काळची घमेंडही आहे. हाच मनुष्य दहा वर्षांनी अगदी निराळ्या सुरात लिहू लागला. हा पालट मेक्सिकोच्या डोंगरांत घडला.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात उंच कड्यांच्या कपारींत दगडी घरांची पुरेपूर गावे आहेत. सुमारे १३०० च्या सुमारास ती ओसाड पडली. ती बांधणारे लोक गेले कोठे, या प्रश्नाने त्या काळी सर्वांना भुरळ घातली होती. लुमहोल्ट्सला वाटले, की त्यांचे वंशज दक्षिणेस मेक्सिकोच्या पश्चिम सिएरा माद्रे पर्वतात अद्याप नांदत असावेत. ‘सिएरा’ या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ करवत, आणि ‘माद्रे’ म्हणजे माता. करवतीच्या दात्यांसारख्या शिखरांची ही पर्वतमाता शेकडो मैल पसरलेली असून तिच्या दऱ्या अतिशय खोल आहेत. तिच्या उत्तरेकडील भागावर अपाची लोकांचा असा वचक होता, की बाहेरचे कोणी तेथे फारसे फिरकत नसे. १८८६ मध्ये अपाचींचा पुढारी जेरोनिमो शरण गेला आणि ती वाट खुली झाली. अमेरिकन निसर्गेतिहास संग्रहालय व अमेरिकन भूगोल मंडळ यांनी लुमहोल्ट्सला साहाय्य दिले. संग्रहालयाचा तत्कालीन अध्यक्ष मॉरिस जेसप हा त्याचा मोठा आधार होता.

१८९० च्या सप्टेंबरात ॲरिझोनातील बिसबी गावाहून मोहीम निघाली. बरोबर सुमारे तीस माणसे, शंभराच्या आसपास जनावरे, वनस्पतिशास्त्रज्ञ, पुराणवस्तूंचे जाणकार असा मोठा लवाजमा होता. वनस्पती सुकवून कागदात दाबल्या गेल्या, पक्षी पेंढा भरण्यासाठी घेतले गेले, पुरातन टेकाडे खणून शेकडो रंगीत मातीची भांडी बाहेर काढण्यात आली. त्या पाइनच्या अरण्यात जगातील सर्वांत मोठा सुतारपक्षी राहत असे. १९५६ नंतर त्याच्या अस्तित्वाचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. जे त्या काळी डोळ्यांसमोर उडत होते, ते आज संग्रहालयांच्या खणांत कापूस भरलेल्या देहांच्या रूपानेच भेटते. संग्रहाचा हा एक उपयोग निर्विवाद आहे. सृष्टीतून नाहीशा झालेल्या गोष्टीची ती शेवटची साक्ष असते.

कड्यांतील घरांचे वंशज मात्र सापडले नाहीत. ताराउमारा लोक सापडले. हे लोक स्वतःला रारामुरी म्हणवितात. त्यांतील कित्येक गुहांतच राहत होते. पण जुन्या कडेवासीयांशी त्यांचे नाते नाही, असा लुमहोल्ट्सचा निष्कर्ष झाला. म्हणजे ज्या शोधासाठी मोहीम निघाली, तो शोध फसला. दुसरा कोणी असता तर भांडी व हाडे गाठोड्यात बांधून परतला असता. लुमहोल्ट्सने उलट केले. त्याने लवाजमा कमी कमी करीत आणला, आणि पुढील फेऱ्यांत थोड्या नोकरांनिशी, बहुधा एकटाच, या लोकांत जाऊन राहिला. ताराउमारांमध्ये दीड वर्ष आणि पुढे कोरा व हुइचोल या जमातींमध्ये दहा महिने त्याने काढले. १८९० पासून १८९८ पर्यंतच्या चार मोहिमांत मिळून तो सुमारे पाच वर्षे त्या डोंगरांत होता.

आरंभी लोक त्याला पाहताच पळून जात. हा गोरा मनुष्य बायकामुले मारून खातो, अशी आवई सर्वत्र उठली होती! ज्याने दुसऱ्यांना नरभक्षक ठरवून पुस्तक लिहिले, त्यालाच नरभक्षक ठरण्याची पाळी यावी, यात काळाचा न्याय दिसतो. ही भीती त्याने पैशाने वा बंदुकीने घालविली नाही. ती गाण्याने घालविली. त्या लोकांची पावसाची गाणी तो शिकला आणि त्यांच्यात बसून ती गाऊ लागला. आपली गाणी गाणारा मनुष्य आपला शत्रू नसावा, असे त्यांना वाटले. त्याच्या छायाचित्राच्या पेटीलाही त्यांनी आपल्या परीने अर्थ दिला. ती पेटी पाऊस पाडते, अशी त्यांची समजूत झाली. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या त्या डोंगरांत परक्याच्या यंत्राकडूनही माणसाने पावसाचीच अपेक्षा करावी, हे स्वाभाविक होते.

ताराउमारांच्या भाषेत नाचण्याला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘काम करणे’ असा असल्याचे लुमहोल्ट्सने नोंदविले आहे. बाहेरच्याला जो सण वाटतो, ते त्यांच्या मते श्रमाचे काम. कारण नाचल्याखेरीज पाऊस नाही आणि पावसाखेरीज मका नाही. एखादा तरुण रात्रभर नाचतो तेव्हा तो चैन करीत नसतो, तर शेताइतकेच आवश्यक कर्तव्य बजावीत असतो. एका शब्दाच्या या टिपणाने जे कळते, ते शंभर घोंगड्या व शंभर मडकी पाहून कळले नसते. आणि ती मडकी व घोंगड्याही त्या शब्दानंतर निराळ्या दिसू लागतात.

१८९५ मध्ये लुमहोल्ट्स हुइचोल लोकांच्या मुलखात शिरला. या लोकांचे स्वतःचे नाव विरारिका. हल्लीच्या हालिस्को व नायारित प्रांतांच्या डोंगराळ सीमेवर त्यांची वस्ती आहे. स्पॅनिश सत्ता मेक्सिकोत तीनशे वर्षे नांदली, ख्रिस्ती पाद्री आले. तरी या दुर्गम कपारींत जुने देव टिकून राहिले. अग्नी हा त्यांचा आजोबा, सूर्य हा पिता, वाढ व सुपीकता यांची देवता ही आजी, आणि पावसाच्या सरी या माता. देवाशी असे घरगुती नाते असलेला हा धर्म लुमहोल्ट्सने अत्यंत बारकाईने पाहिला, आणि त्याला आढळले, की या लोकांच्या घरातील जवळजवळ प्रत्येक सुंदर वस्तू ही मुळात एक मागणे आहे.

आता त्या बाणांकडे वळावे. हुइचोलांच्या कल्पनेत बाण हा पक्ष्यासारखा आहे. पक्षी उंच उडतात, सर्व पाहतात, सर्व ऐकतात. म्हणून देवापर्यंत निरोप न्यावयाचा तो पिसे लावलेल्या बाणानेच. फासाची प्रतिकृती बांधलेला बाण हरीण मिळावे असे मागतो. भरतकामाची चिंधी बांधलेला बाण एखाद्या मुलीच्या बोटांत कसब यावे असे मागतो. आपल्याकडे मूल व्हावे म्हणून देवाला लहानसा पाळणा वाहतात, त्या नवसाची भाषा ज्याला समजते, त्याला हा बाण वाचावयास कोश लागणार नाही.

दुसरी वस्तू म्हणजे भोपळ्याच्या कवचाचे कटोरे. त्यांच्या आतल्या अंगाला मधमाश्यांचे मेण लावून त्यात मणी दाबतात व त्यांची चित्रे काढतात. हे कटोरे पाण्यासाठी नव्हेत. देव येऊन त्यांतून भक्तांच्या प्रार्थना पितात, अशी भावना आहे. तिसरी वस्तू म्हणजे काड्यांच्या फुलीवर रंगीत सूत गुंडाळून केलेला चौकोन. त्याला देवाचा डोळा असे नाव रूढ झाले आहे. तो विशेषेकरून लहान मुलांसाठी करतात. मुलाच्या वयाच्या वर्षाला एक अशा हिशेबाने असे डोळे जोडीत जावयाचे, आणि मूल पाच वर्षांचे होईपर्यंत त्याच्या आयुरारोग्यासाठी हे मागणे चालवावयाचे. जेथे वैद्य नाही, देवीची लस नाही आणि दर पावसाळ्यात तापाची साथ आहे, तेथे पाच वर्षांचा डोळा पुरा होणे ही आईच्या दृष्टीने केवढी गोष्ट असेल!

विणकामाची कथाही अशीच आहे. हुइचोल स्त्रिया लांब पट्टे विणतात. त्यांवरील नक्षी पाहून शहरातील मनुष्य ‘काय सुरेख हात आहे’ एवढेच म्हणेल. लुमहोल्ट्सने विचारले तेव्हा उलगडा झाला, की पट्टा म्हणजे साप, त्यावरची नक्षी म्हणजे सापाच्या पाठीवरील खुणा, आणि साप म्हणजे पावसाची सर. कमरेला पट्टा बांधणे हेच पाऊस मागणे. नागमोडी रेघ ही वीज. आणि एक लहानसे पांढरे फूल पुनःपुन्हा भरलेले दिसते, ते पावसाळ्यात मका वाढत असता फुलणारे आहे, म्हणून तेही मक्यासाठीच घातलेले साकडे.

देवाची तबकडी म्हणून जी वस्तू करतात, तिच्या नावाचा अर्थ ‘मुख’ असाही होतो आणि ‘चित्र’ असाही. त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे चित्र हे देवाचे मुखच. या भावनेने केलेल्या वस्तूला नुसती ‘कला’ म्हणून भिंतीवर टांगणे हा तिचा गौरव असला, तरी तेवढ्याने तिचे आकलन होत नाही.

हे सर्व विवरण लुमहोल्ट्सने संग्रहालयाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. हुइचोलांच्या प्रतीकांवरील ग्रंथ १९०० मध्ये आणि त्यांच्या नक्षीकामावरील ग्रंथ १९०४ मध्ये निघाला. १९०२ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी ‘अज्ञात मेक्सिको’ हा दोन खंडांचा प्रवासवृत्तांत आला. तो त्याने जेसपला अर्पण केला. त्याच्या प्रस्तावनेत ऑस्ट्रेलियातील तो उर्मट पाहुणा ओळखू येत नाही. या लोकांनी आपल्याला जगण्याचे नवे तत्त्वज्ञान शिकविले, अशी कृतज्ञता तेथे व्यक्त झाली आहे. शिष्याची ही भाषा संग्राहकाच्या तोंडी यावी, हेच त्या प्रवासाचे मोठे फळ होय.

आणखी एका गोष्टीचे रेडिओच्या श्रोत्यांना विशेष अगत्य वाटेल. १८९८ च्या मोहिमेत मेणाच्या नळ्यांवर आवाज कोरणारे यंत्र बरोबर होते. त्यावर ताराउमारा व हुइचोल यांची गाणी मुद्रित करण्यात आली. ज्या गाण्यांनी परक्याला घरात घेतले, ती गाणी अशा रीतीने परक्याच्या घरी गेली. मेणाच्या नळीचे आयुष्य फार थोडे. प्रत्येक वेळी ऐकताना सुई थोडे मेण खरवडून नेते. तरीही त्या खरखरीतून येणारा आवाज हा त्या संग्रहातील एकच पदार्थ असा, की जो करणाऱ्यापासून काही हिरावून न घेता आणता आला. गाणे नेले तरी गाणाऱ्याजवळ ते उरतेच. बाण, कटोरा वा पट्टा दिला तरी तो दुसरा करू शकतो. परंतु संग्रहालयांत जे गेले, ते सर्व असे नव्हते.

१८९६ च्या सुमारास मिचोआकान प्रांतातील साकापु येथे लुमहोल्ट्सने एक प्राचीन दफनभूमी खणली. तेथे काही मानवी हाडे अशी मिळाली, की त्यांवर आडव्या खाचा ओळीने पाडलेल्या होत्या. १८९८ मध्ये त्यांविषयीचा निबंध त्याने एका तरुण वैद्याच्या सहकार्याने प्रसिद्ध केला. ताराउमारांचे पुरोहित खाचा पाडलेली लाकडी काठी दुसऱ्या काठीने घासून विधीच्या वेळी ताल धरीत, हे त्याने पाहिले होते. ती काठी आणि ही हाडे शेजारी ठेवली म्हणजे जिवंत चालीरीतीने मृत वस्तूचा अर्थ उकलतो. शास्त्राच्या दृष्टीने हा लाभच. तरीपण ती हाडे कोणाची तरी होती, आणि खणण्याविषयी त्यांच्या वंशजांना विचारावे, अशी कल्पनाही त्या काळी कोणास सुचत नसे. लुमहोल्ट्सने इतर ठिकाणांहूनही कवट्या व सांगाडे आणले. त्यांच्याबरोबर आलेल्या टिपणांत मापे पुष्कळ, पण सांगणाऱ्याचा आवाज नाही.

तो तरुण वैद्य म्हणजे आलेश हर्डलिच्का. बोहेमियात १८६९ मध्ये जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेस आलेला हा मनुष्य पुढे देहमापनाच्या शास्त्राचा अध्वर्यू झाला. १८९८ मध्ये लुमहोल्ट्सबरोबर तो मेक्सिकोत फिरला. १९०२ मध्ये तो याच संग्रहालयासाठी पुन्हा तेथे गेला. या खेपेस लुमहोल्ट्स बरोबर नव्हता. त्या वर्षीच्या जूनमध्ये सोनोरा प्रांतातील मासातान डोंगरात मेक्सिकन सैन्याने याकी जमातीच्या लोकांना गाठले. जमिनीसाठी याकींचा सरकारशी दीर्घकाळ झगडा चालला होता. त्या दिवशी पुरुष, स्त्रिया आणि मुले मिळून शंभराहून अधिक माणसे मारली गेली. काही आठवड्यांनी हर्डलिच्का तेथे पोहोचला. प्रेते उघड्यावर पडली होती. त्याने कवट्या व हाडे वेचली, मृतांच्या अंगावरील वस्तू घेतल्या, तान्ह्या मुलाला बांधून ठेवावयाची पाळण्याची फळीही उचलली, आणि हे सर्व न्यूयॉर्कला पाठवून दिले. कत्तलीचा साक्षीदार होऊनही त्याने ‘नमुने’ तेवढे पाहिले.

हे नमुने संग्रहालयाच्या कपाटांत शंभर वर्षांहून अधिक काळ पडून होते. १९९० मध्ये अमेरिकेत असा कायदा झाला, की तेथील मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या अस्थी व पवित्र वस्तू त्यांच्या जमातींना परत कराव्या. परंतु हा कायदा अमेरिकेच्या हद्दीतील जमातींपुरता. मेक्सिकोतील याकींना त्याचा थेट उपयोग नव्हता. ॲरिझोनातही याकी लोक राहतात. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आप्तांनी मिळून मागणी केली, आणि २००९ मध्ये बारा जणांचे अवशेष संग्रहालयाने त्यांच्या स्वाधीन केले. पाळण्याची ती फळीही परत गेली. याकींच्या विकाम गावी मृतांना योद्ध्यांचा मान देऊन विधिपूर्वक मूठमाती देण्यात आली. एकशे सात वर्षांनी सुतक फिटले.

पुढे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये या संग्रहालयाने जाहीर केले, की यापुढे मानवी अस्थी प्रदर्शनात ठेवल्या जाणार नाहीत. त्याच्या संग्रहात सुमारे १२,००० माणसांचे अवशेष आहेत, हेही त्या वेळी प्रसिद्ध झाले. २०२४ च्या आरंभी नवे नियम अमलात येताच, मूळ अमेरिकनांच्या वस्तूंची दोन मोठी दालने त्याने बंद केली. ज्यांच्या वस्तू त्यांची संमती घेतल्याशिवाय त्या मांडू नयेत, असा त्या नियमांचा रोख आहे. संग्रहालये अशाने ओस पडतील, असे भय काही जण बोलून दाखवितात. ते भय अगदीच अस्थानी नाही. कारण शाळेतल्या मुलाला दूरच्या माणसाची ओळख करून देणारी ती जागा आहे. परंतु अनुभव असा आहे, की आपल्या पूर्वजांची हाडे परत मागणारे लोक प्रत्येक कटोरा व प्रत्येक पट्टा परत मागत नाहीत. पुष्कळदा ते वस्तू पाहावयास येतात, विस्मृतीत गेलेली एखादी वीण त्यांवरून शिकतात, आणि चिठ्ठीवरील चुकीचे नाव सुधारून जातात.

हुइचोलांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. लुमहोल्ट्सने ज्यांच्या प्रार्थना कपाटात ठेवल्या, ते लोक काही नामशेष झाले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांच्या नवसाच्या तबकड्यांपासून रंगीत सुताच्या मोठ्या चित्रांची कला निघाली. मणी दाबून केलेली त्यांची कामे आज देशोदेशींच्या बाजारांत विकली जातात. ही विकाऊ कामे निराळी आणि देवाला वाहावयाची निराळी, हा विवेक ते लोक पाळतात. त्यांची महायात्राही चालू आहे. पूर्वेस सान लुइस पोतोसी प्रांतातील विरिकुता नावाच्या माळरानावर ते पवित्र निवडुंग आणावयास जातात. त्या यात्रेस जाऊन-येऊन त्रेचाळीस दिवस लागत, असे लुमहोल्ट्सने यात्रेकरूंकडून ऐकून लिहून ठेवले आहे. अलीकडे त्या माळाखाली चांदी असल्यामुळे खाणींचे परवाने दिले गेले, आणि २०१० नंतर या लोकांनी त्याविरुद्ध मोठा लढा दिला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने त्यांच्या यात्रेचा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केला. ज्या धर्माला एका काळी निसर्गेतिहासाच्या दालनात, प्राण्यांच्या शेजारी जागा मिळाली, त्याचा मार्ग आज साऱ्या मानवजातीचा ठेवा म्हणून मान्य झाला आहे.

लुमहोल्ट्स पुढे बोर्निओच्या अंतर्भागातही हिंडला. १९२० मध्ये त्याचे त्यावरील पुस्तक निघाले आणि १९२२ मध्ये अमेरिकेत त्याचा अंत झाला. त्याच्या नावाचे कांगारू क्वीन्सलँडच्या झाडांवर अद्याप आहे. त्याच्या थोरवीची खूण मात्र त्या कांगारूत शोधू नये. ज्या कामी त्याने वस्तूआधी माणसाला विचारले, ऐकले, आणि ऐकलेले प्रामाणिकपणे लिहिले, ते काम आजही जिवंत आहे; त्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांनाही त्याचा उपयोग आहे. ज्या कामी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी विचारले नाही, तेथे शास्त्राच्या वहीत जमा दिसते खरी, पण ती जमा वस्तुतः उसनवारी आहे, आणि उसने केव्हातरी फेडावेच लागते.

म्हणून एखाद्या संग्रहालयात मुलाबाळांना घेऊन जाण्याचा योग आला, तर काचेआडच्या वस्तूपेक्षा तिच्याजवळची चिठ्ठी अधिक लक्षपूर्वक वाचावी. वस्तू कोठली व किती जुनी, एवढ्यावर न थांबता, ती कोणी केली, कशासाठी केली, आणि ती येथे कशी आली, हे तीन प्रश्न मुलांना विचारावयास शिकवावे. पहिल्या दोहोंचे उत्तर चिठ्ठीवर असेल, तर तो अजबखाना नव्हे, ज्ञानमंदिर होय. तिसऱ्याचेही उत्तर असेल, तर ते न्यायमंदिरही होय.